चोवीस नंबरचा ट्रे

आमच्या घरी मार पडायच्या आधी डबी वाजायची. उघडताना टिक, मिटताना टिक. या दोन आवाजांच्या मधल्या वेळात माझा बाप दोन्ही हातांची बोटं तोंडात घालून दातांवरचे अलायनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, काढायचा, लाळ झटकायचा, डबीत ठेवायचा. मग आईकडे वळायचा.

तोंडावर मी त्याला जन्मभर बाबा आणि तुम्ही म्हणत आले. इथे मात्र मी त्याला तो म्हणणार आहे. एवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

त्याचा राग उतू जाणारा नव्हता. तो मोजूनमापून मारायचा. अलायनर यायच्या आधीही त्याची तयारी असायची. घड्याळ काढून फ्रिजवर ठेवायचं, शर्टाच्या बाह्या दोन घड्या वर सारायच्या. शर्ट पांढरा, आईनेच इस्त्री केलेला. तो टाइल्सच्या शोरूममध्ये विक्रीला होता आणि बाहेर त्याच्या सभ्यपणाचे गोडवे गायले जायचे. बाथरूमसाठी न घसरणाऱ्या फरशा विकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नमुन्याच्या फरशीवर मगभर पाणी ओतायचा, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या म्हाताऱ्याला हात देऊन तिच्यावर उभं करायचा आणि म्हणायचा, "आता घसरून दाखवा, आजोबा." आजोबा खूश, सून खूश, फरशा खपल्या.

त्यातल्या सगळ्यात चांगल्या फरशा आमच्या बाथरूममध्ये बसवल्या होत्या. इतक्या खरबरीत की टाच घासली गेली तर सालटंच निघायचं. त्या बाथरूममध्ये सहा वर्षांत आई तीनदा पाय घसरून पडली. पहिल्यांदा डावं मनगट मोडलं. दुसऱ्यांदा भुवई फाटली, पाच टाके. तिसऱ्यांदा वरचा एक दात अर्धा तुटला. तेव्हा मी तिला माझ्याच दवाखान्यात घेऊन आले. मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, पेशंटची कार्डं मीच भरते. आईच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: बाथरूममध्ये पाय घसरून पडणे.

अलायनरचं खूळ त्याच्या डोक्यात भरलं ते फोटोमुळे. त्याला शोरूमचा मुख्य केलं आणि बाहेरच्या बोर्डावर फोटो लावायचं ठरलं. त्याचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. फोटोवाला म्हणाला, "सर, ओठ मिटून हसा." ते त्याला फार लागलं. घरी येऊन आरशासमोर उभा राहिला, आणि आईने मागून "जेवायला वाढू का" विचारलं म्हणून तिच्या पोटात गुद्दा घातला. ती वाकली, पण हातातलं ताट तिने पडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, आमच्या दवाखान्यात या, तारा न लावता दात सरळ करता येतात. मला वाटलं, दात सरळ झाले तर माणूसही जरा सरळ होईल. हसायचं असेल तर हसा.

पेशंटला सूचना द्यायचं काम माझं. त्यालाही मीच दिल्या. ट्रेचे चोवीस नंबर आहेत, दर दोन आठवड्यांनी पुढचा. दिवसाचे बावीस तास तोंडात हवेत. पाणी सोडून काहीही खाता-पिताना काढायचे आणि काढले की थेट डबीत, कागदात गुंडाळले तर कचऱ्यात जातात. परत घालण्याआधी दात घासायचे. ट्रे गार पाण्यानेच धुवायचे, गरम पाण्याने आकार जातो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन धुण्याचं काम आईवर ढकललं. ती रोज बेसिनपाशी उभी राहून मऊ ब्रशने त्याचे दात धुवायची. दातच म्हणायची ती त्यांना.

तिसऱ्या नंबरपर्यंत तो ट्रे तोंडात ठेवूनच मारायचा. मारताना दात-ओठ खायची त्याला सवय. एका संध्याकाळी आईचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटताना त्याने जबडा असा आवळला की खालचा ट्रे मधोमध तडकला. पुन्हा दोन नंबरवर जावं लागलं, तीन आठवडे फुकट गेले. आमच्या डॉक्टरबाई हाडाच्या भल्या. त्यांनी तडकलेला ट्रे उजेडात धरला.

"असं काय चावलंत?"

"काही नाही. जरा व्यायाम करत होतो," तो म्हणाला.

"मग व्यायाम, खेळ, मारामारी, जे काय असेल ते करताना काढून डबीत ठेवत जा," बाई म्हणाल्या आणि हसल्या. तोही हसला. मीही हसले, कारण हातात लाळ ओढायची सक्शनची नळी होती आणि दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

त्याने बाईंचं अक्षरशः ऐकलं. त्या दिवसापासून डबी वाजायला लागली.

मी वेळ मोजली. आठ सेकंद. आधी वरच्या ट्रेची मागची कड उजवीकडून सोडवायची, मग डावीकडून, मग पुढून ओढायचा. मग खालचा तसाच. आठ सेकंदांत माणसाला पुष्कळ काही करता येतं. आमचं दार जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर, आणि जिना दारालाच लागून. पण आईने एकदाही दार उघडलं नाही. ती गॅस बंद करायची. सुरी असेल तर खणात टाकायची. चष्मा काढून मांडणीच्या कडेवर ठेवायची. मग भिंतीला पाठ लावून उभी राहायची, म्हणजे डोकं मागे आपटताना फार लांबून आपटत नाही.

वाईट हे की जेवायच्या आधीही डबी वाजायचीच. पहिल्या टिकेला कळायचं नाही की हा जेवणार आहे की मारणार आहे. दिवसातून तीनदा आईचे खांदे कानांपर्यंत चढायचे आणि तो घास घेईपर्यंत खाली यायचे नाहीत. माझीही गत वेगळी नव्हती. दवाखान्यात दिवसाला तीस डब्या उघडतात. प्रत्येक टिकेला माझा उजवा पाय आपोआप दाराकडे वळायचा.

नवव्या नंबरला शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीचा पिवळट डाग पडला. टिक. मी आतल्या खोलीतून धावत येईपर्यंत दुसरी टिक झाली होती. त्याने आईचे केस मुठीत गुंडाळून धरले होते आणि तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटत होता, शांतपणे, एकेक करून. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या खाली पडल्या. मी मध्ये घुसले तर त्याच्या कोपराचा फटका माझ्या कानावर बसला. कान दोन दिवस गुणगुणत होता. आईच्या नाकातून रक्त आलं ते फ्रिजच्या रबरात जाऊन बसलं, मी ते नंतर काडीने काढलं.

आणि मार झाला की तो दात घासायचा. कारण नियम आहे, ट्रे घालण्याआधी दात स्वच्छ हवेत, आणि नियम मीच सांगितला होता. पूर्ण दोन मिनिटं घासायचा, दोऱ्याने फटी साफ करायचा. आत आई जमिनीवर बसून नाकाला फडकं लावलेली, बाहेर चुळा भरल्याचा आवाज. मला मारापेक्षा त्या चुळांचा जास्त संताप यायचा.

बारा नंबर झाल्यावर दातांचं पुन्हा माप घेऊन पुढचे ट्रे बनतात. तेव्हा मी एक गोष्ट केली. तक्रारीच्या रकान्यात लिहून टाकलं, ट्रे मागून सैल बसतात. तो काही असं म्हणाला नव्हता. बाईंनी दाढांवर चार बटणं वाढवली. बटणं म्हणजे दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे. ट्रे त्यांच्यावर खटकन बसतो आणि काढताना जीव खातो. तेराव्या नंबरला आठ सेकंदांची पंधरा झाली. घरी त्याची नखं मोडायला लागली. "तुमच्या बाईंना अक्कल नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो ना, बाबा."

पंधरा सेकंदांतही आई दार उघडेना.

मी दवाखान्यामागच्या गल्लीत एक खोली बघितली. एक खिडकी, एक ओटा, दोन माणसांना पुरेल एवढी जागा. किल्ली घेतली आणि आईच्या शिवणाच्या डब्यात टाकली. तिला नीट समजावलं. "आई, चोवीस नंबर संपला की त्याला फक्त झोपताना घालायचा ट्रे मिळणार. दिवसभर तोंड मोकळं आणि हातही मोकळे. मग डबी वाजणार नाही. तुला कळणारसुद्धा नाही कधी मार पडतोय ते. त्याच्या आत आपण निघायचं."

"बघू," आई म्हणाली. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात आवडता शब्द.

"फ्रिजवर आपटताना थोडं इकडेतिकडे झालं असतं तर तू मेली असतीस."

"मेले नाही ना." मग हातातला दोरा तोडत तिने विचारलं, "नंबर वाढवता नाही येत का गं?"

"दात सरळ झाले की संपलं."

"आणि एखादा ट्रे बिघडला तर?"

"तर परत माप, परत नवे. तोवर महिनाभर मागचाच घालायचा."

"काय केलं की बिघडतो?"

मी तिला सांगितलं. रोज दहा पेशंटना सांगते तसं, भाजी चिरता चिरता सांगितलं. तिच्या मनात काय शिजतंय ते मला कळायला हवं होतं. नाही कळलं. घर सोडून जाण्यापेक्षा महिनाभराचे पंधरा-पंधरा सेकंद जास्त मिळवावेत, असा हिशोब आईच करू जाणे.

रविवारची दुपार होती. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, म्हणजे तो आणि मी बसलो होतो आणि आई वाढत होती. टेबलावर मधोमध गरम पातेलं आणि पातेल्याखाली त्याच्या शोरूममधली नमुन्याची फरशी. वीतभर लांब, वीतभर रुंद, अंगठ्याएवढी जाड, वरून खरबरीत. अशा पाच-सहा फरशा घरात पडलेल्या असायच्या. कुठे दाराला अडसर, कुठे गरम भांड्याखाली.

तेवीस नंबर त्याने जेवणाआधीच डबीत ठेवला होता. जेवण झालं, त्याने दात घासले आणि खुशीत येऊन चोवीस नंबरचं पाकीट घेऊन टेबलाशी बसला. शेवटचा ट्रे. सोमवारी नवीन फोटो काढायचा होता. पाकिटाची झिप उघडून त्याने वरचा ट्रे काढला आणि आरशाशिवायच दातांवर ठेवून अंगठ्यांनी दाबला. पुढून बसला. मागून बसेना. मग बाई शिकवतात तसं त्याने जबडा जोरात मिटला. खटकन आवाज झाला. ट्रे वाकडाच बटणांच्या पलीकडे उतरला आणि त्याची एक कड हिरडीत घुसली.

तो कळवळला. खालच्या ओठावर रक्ताचा एक ओघळ आला. त्याने दुसऱ्या हाताने पाकिटातला खालचा ट्रे काढून डोळ्यांसमोर धरला. कडा आत वळलेल्या, दाढांची जागा चिमटलेली. आपण काय बघतोय हे त्याला कळायला फार वेळ लागला नाही. मलाही लागला नाही.

त्याने आईकडे पाहिलं. "काय केलंस?" तोंडातल्या ट्रेमुळे शब्द फेसाळून आले.

आईला खोटं एकच बोलता यायचं, बाथरूमचं. ते इथे चालणार नव्हतं. ती म्हणाली, "उकळतं पाणी ओतलं."

"दात घशात घालतो थांब," तो म्हणाला आणि उठला. उठता उठता दोन्ही हात तोंडात घातले.

मी दार उघडलं. सताड. "आई, चल," मी म्हटलं. मनातल्या मनात मोजत होते. आठ झाले. ट्रे हलत नव्हता. उजवीकडून नखं घालून बघितलं, डावीकडून घालून बघितलं. पंधरा झाले. मी वाढवून घेतलेल्या चार बटणांनी तो वाकडा ट्रे घट्ट धरून ठेवला होता. तो खुर्चीपाशी अडखळला, डोळ्यांत पाणी, कोपरं दोन्ही बाजूंना वर, मनगटांवरून लाळ आणि रक्त ओघळतंय. वीस. "आई, चल ना." माझा आवाज फाटला.

आईने गॅस बंद केला. चष्मा काढला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. ते हात तिने आजवर फक्त अंगावर येताना पाहिले होते. आज पहिल्यांदा दोन्ही हात कामात होते.

फडक्याने धरून तिने गरम पातेलं उचललं आणि ओट्यावर नीट ठेवलं, सांडू दिलं नाही. तेच फडकं गुंडाळून फरशी उचलली. मग दोन पावलं पुढे जाऊन त्याच्या तोंडावर मारली.

पहिला घाव बोटांवर आणि दातांवर एकदमच बसला. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, सुकलेली काडी मोडावी तसा. तो ओरडायला गेला, पण स्वतःचीच बोटं तोंडात. तो खुर्चीसकट मागे गेला. आईने वाकून दुसरा घाव घातला. ओठ फाटला, पुढचे दोन दात, एवढ्या नवसाने सरळ केलेले, मुळासकट वाकले, आणि प्लास्टिकचे तुकडे रक्तातून हनुवटीवर आले. फरशी तिच्या हातातून जराही सटकली नाही. त्या फरशीची तीच तर ख्याती. तिसऱ्यांदा तिने हात वर नेला तो मात्र कपाळाच्या रोखाने, आणि तेव्हा मी तिचं मनगट धरलं. डावं, तेच, वाकडं जुळलेलं.

"बास, आई."

ती धापा टाकत होती. "किती झाले?" तिने विचारलं.

मी मोजते हे तिला माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. "एकतीस," मी म्हटलं.

तिने फरशी टेबलावर ठेवली. शिवणाचा डबा काखेत मारला, चपला घातल्या. तो जमिनीवर कुशीला वळून रक्त थुंकत होता, श्वास चालू होता. जिन्यातून मी अँब्युलन्सला फोन केला. माणूस पडला आहे, तोंडातून रक्त येतंय, पत्ता असा असा, दार उघडंच आहे. पत्ता दोनदा सांगावा लागला.

पुढचे नऊ दिवस आम्ही त्या एका खोलीत पोलिसांची वाट बघितली. जिन्यावर बूट वाजले की आई उठून साडी नीट करायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. "मीच केलं म्हणून सांगणार आहे," ती म्हणायची. बटणांचा उद्योग मी तिला पहिल्याच रात्री सांगून टाकला होता. "बटणांचं काही बोलू नकोस तू." मी घाबरले होते. तिला नेलं तर मी काय करणार होते, कोणाकडे जाणार होते, मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं. तो एक शब्द बोलला असता तर आई तुरुंगात गेली असती, आणि त्याला बोलता येत नव्हतं असंही नाही.

दहाव्या दिवशी तो दवाखान्यात आला. उजव्या हाताला प्लास्टर, ओठावर टाके. माझ्याकडे न बघता खुर्चीत जाऊन बसला. मी नेहमीप्रमाणे त्याच्या गळ्यात कागदी रुमाल अडकवला. त्याने सोबत आणलेली डबी टेबलावर ठेवली. बाईंना दाखवायला मी ती उघडली. टिक. त्याचे खांदे कानांपर्यंत चढले.

"आ करा," मी म्हटलं. त्याने आ केला.

बाईंनी आरसा फिरवून पाहिलं, एक्स-रे पाहिला. पुढचे दोन गेले होते, शेजारचा हलत होता, एक दाढ फुटली होती. "दोन दातांपैकी एक हॉस्पिटलात सापडलाच नाही म्हणता? गिळला असेल," त्या म्हणाल्या. मग मान वर केली. "हे झालं कसं?"

कार्ड माझ्या हातात होतं, पेन उघडं. तो छताकडे बघत होता. खरं सांगायचं तर बायकोने मारलं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते त्याच्या तोंडातून निघालं नसतं, सगळे दात शाबूत असते तरी.

"बाथरूममध्ये," तो म्हणाला. "पाय घसरला."

"अहो, न घसरणाऱ्या फरशा तुम्हीच विकता ना?"

त्याने पुन्हा आ केला. मी कार्डावर लिहिलं: बाथरूममध्ये पाय घसरून पडणे. अक्षर चांगलं आलं.

संध्याकाळी खोलीवर गेले तेव्हा आई ओट्याशी कांदा चिरत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण सुरी थांबली. "काय म्हणाले?"

मी सांगितलं.

आईने सुरी खाली ठेवली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर हसत होती, तो अर्धा तुटलेला दात दिसेपर्यंत हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्याचं म्हणा हवं तर.

"बिचाऱ्या फरशा," ती म्हणाली. "कधी कोणाला पाडलं नाही त्यांनी." आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.